ही भिंत खेळते

“हा पास कुणाला दिला रे याने? भुताला?”

माझ्या पुढच्या पायरीवरचा माणूस म्हणाला. तो आमच्यापैकी नव्हता. पुढच्या मॅचसाठी लवकर येऊन शेंगदाणे सोलत बसला होता. त्याचा सोबती हसला. मैदानात आमच्या जांभळ्या जर्सीतल्या एका खेळाडूने बॉल सरळ उजव्या रेषेबाहेर मारला होता आणि मारल्या मारल्या पुढे धावत सुटला होता. बॉल आपल्याकडे परत येणारच, अशा खात्रीने. बॉल रेषेपलीकडच्या गवतात गेला आणि थांबला. खेळाडूही चार पावलांनी थांबला आणि मागे वळून बघत राहिला.

मैदानाच्या कडेला आमचे मॅनेजर उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“बरोबर! बेचाळीस, बरोबर!”

“अरे, हा म्हातारा टाळ्या वाजवतोय,” शेंगदाणेवाला म्हणाला.

मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण अनोळखी माणसाला सांगायचं वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरच्यांनी थ्रो घेतला, बॉल दुसऱ्या टोकाला गेला आणि शेंगदाणेवाला दुसऱ्याच कुणावर तरी हसायला लागला. माझं नेहमी असंच होतं. शाळेत मला मराठी येतं म्हणून हसायचे, चाळीत इंग्रजी येतं म्हणून. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं.

मॅनेजर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण नायगावात त्यांचं खरं नाव घेणारा माणूस मी पाहिला नाही. बसच्या डेपोत ते टाइमकीपर होते. ड्यूटीवरून आले की खाकी पँट न बदलताच मैदानात उतरायचे. गळ्यात ओला रुमाल, कमरेच्या करगोट्याला कपाटाची चावी. त्या कपाटात चाळीच्या मंडळाच्या जर्सी, दोन बॉल आणि हवा भरायचा पंप असायचा. कोच ठेवायची मंडळाची ऐपत नव्हती, तेव्हा जो माणूस बॅग उचलेल आणि पोरांना शिव्या घालेल तो मॅनेजर. असं ते पद त्यांना चिकटलं.

फुटबॉल ते स्वतः कधी खेळले नव्हते. ते कॅरमवाले. चाळीच्या पॅसेजमध्ये, जिन्याजवळच्या दिव्याखाली बोर्ड मांडायचे आणि पोरांना भोवती उकिडवं बसवायचे. काळ्या सोंगट्या समोरची टीम, पांढऱ्या आपली, राणी म्हणजे बॉल. मग स्ट्रायकरने ती राणी कडेवर आपटून परत आणून दाखवायचे.

“सरळ मारायची अक्कल सगळ्यांना असते,” ते म्हणायचे. “कड वापरायची अक्कल पाहिजे.”

आमच्या मैदानाला कड होती. सोळा नंबरच्या चाळीची बिनखिडकीची बाजू मैदानाला लागून उभी होती. जाड, काळपट, ब्रिटिशांच्या वेळची. मॅनेजरांचं सगळं डावपेचांचं शास्त्र त्या भिंतीवर उभं होतं. बॉल घ्यायचा, तिरका भिंतीवर मारायचा, समोरच्याला वळसा घालून पुढे पळायचं, भिंत बॉल परत देते. भिंतीवरच्या आडव्या पाइपाच्या वर मारला तर लांब जातो, पाइपाखाली मारला तर पायात येतो, प्लास्टर निघालंय तिथे मारायचाच नाही. आमच्या पोरांना हे सगळं पाठ होतं. बाहेरच्या टीम चाळीच्या स्पर्धेला यायच्या, सात-सात जणांच्या मॅचेस असायच्या, आणि त्यांना कळायचंच नाही की आपण हरतोय कुणाकडून.

“आपण सात नाय,” मॅनेजर म्हणायचे. “आपण आठ.”

एकदा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायला चार पोरं शिडी घेऊन त्या भिंतीपाशी आली. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातले पुढारी. मॅनेजर शिडीसमोर जाऊन उभे राहिले.

“इथे नाही. चौदा नंबरला लावा.”

“काका, इथून रोडवरून दिसतो.”

“ही भिंत खेळते. खेळणाऱ्याच्या तोंडावर कुणी फ्लेक्स लावतो का?”

“काका, भाऊंचा फोटो आहे.”

“मग भाऊंना विचारून ये. संध्याकाळी बॉल लागणार. नाकावर लागला तर चालेल का?”

पोरांनी फोन केला, थोडं बाजूला जाऊन बोलली आणि फ्लेक्स चौदा नंबरला लावला. त्या वर्षीच्या स्पर्धेत बेस्ट प्लेअरचा कप मॅनेजरांनी भिंतीला दिला. खरोखर दिला. पाहुण्यांच्या हस्ते पाइपाच्या खिळ्याला हार घातला, टाळ्या झाल्या. ज्या पोराला कप मिळणार होता तो दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मॅनेजरांची खोली त्याच भिंतीच्या आत, तळमजल्यावर होती. कप त्यांनी आतल्या बाजूने भिंतीवरच्या फळीवर ठेवला. बाहेरून बॉल बसला की आत कप पडायचा. ते उचलून परत ठेवायचे. त्यांची बायको होती तोवर ती म्हणायची, “अहो, दुसरीकडे ठेवा ना.” ते म्हणायचे, “असू दे. तिला कळतंय.”

पोरांना ते नावाने हाक मारत नसत. खोलीच्या नंबराने मारत. “एकोणतीस, वर! बेचाळीस, आत ये! अरे सदुसष्ट, झोपलास काय?” जर्सीवरही तेच नंबर. एका रेफरीने हरकत घेतली होती, की सात जणांच्या खेळात सदुसष्ट नंबर कुठून आला. मॅनेजर म्हणाले, “तिसऱ्या माळ्यावरून.”

माझी आणि त्यांची ओळख खिडकीतून झाली. आमची खोली सतरा नंबरच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर, मैदानाकडची. मी शाळेचा अभ्यास खिडकीत बसून करायचे. खरं म्हणजे मॅच बघायचे. वरून खेळ वेगळा दिसतो. खाली सगळे एकमेकांच्या पाठी बघत धावतात, वरून मोकळी जागा दिसते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं असावं. एका संध्याकाळी खेळ थांबवून त्यांनी मान वर केली आणि ओरडले,

“काय गो, वरून कसा दिसता?”

ते मालवणचे. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, पण रागात आणि कधी कधी माझ्याशी मालवणी. सगळं मैदान वर बघायला लागलं. पायरीवरची माणसं, बॉल धरून उभा असलेला गोलकीपर, सगळे. मी खिडकीखाली बसले ती अंधार पडेपर्यंत उठले नाही. खालून कुणीतरी म्हणालं, “मॅडमना इंग्लिशमध्ये विचारा,” आणि हशा झाला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर तीन जिने चढून आमच्या दारात आले. आईला म्हणाले, “वहिनी, हिचा एक रुमाल द्या.” आईने दिला. ते खिडकीपाशी गेले आणि मला गज दाखवले. हा डावीकडचा, हा उजवीकडचा.

“ज्या बाजूला समोरच्यांचं कुणी नसेल, त्या गजाला बांध. मी बघतो. तू बोलू नको.”

तू बोलू नको. मला आयुष्यात सगळ्यांनी नेहमी उलटंच सांगितलं होतं. बोल की गं, तोंड उघड की, पाहुण्यांशी बोल. बोलू नको म्हणणारा हा पहिला माणूस.

त्यानंतर कित्येक वर्षं, नववीपासून कॉलेज संपेपर्यंत, मी रुमाल बांधायचे. उजवा गज, डावा गज. ते मान वर करायचे, नेमकी आमच्या खिडकीच्या उंचीवर, आणि ओरडायचे, “एकोणतीस, डावीकडे!” एकोणतीसला कधीच कळलं नाही की हुकूम कुठून आला. गोल झाला की मॅनेजर वर बघत नसत. रुमालाने गळ्याचा घाम पुसायचे, तेवढंच.

सतरा नंबरच्या पायरीवर त्यांच्या डावपेचांची रोज चिरफाड व्हायची. बंड्यादादा झेरॉक्सचं दुकान बंद करून यायचा तो थेट टीकेलाच बसायचा. शैलेश त्याच्यापेक्षा बराच लहान. परळच्या एका टॉवरमध्ये नोकरीला, आणि शनिवारी संध्याकाळी इंग्लंडातल्या मॅचेस बघून आलेला. आणि माझे बाबा. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि मंडळाचे सेक्रेटरी होते. मॅनेजर आणि ते एकाच बालवाडीतले.

“फोर-फोर-टू खेळा म्हणतोय मी कधीपासून,” बंड्यादादा म्हणायचा.

“दादा, सात जणांत कसलं फोर-फोर-टू? तसंही ते कुणी खेळत नाही आता. हाय प्रेस असतं, समोरच्याला त्याच्याच गोलपाशी घेरायचं.”

“तू गप रे. तुमच्या घरात चार माणसं एका रांगेत जेवायला बसत नाहीत आणि म्हणे हाय प्रेस.”

“पण विंगवरून अ‍ॅटॅक नको का? हे काय सारखं भिंतीला बॉल, भिंतीला बॉल. भिंतीला काय मत आहे का?”

“जिंकतोय ना?”

“इथे जिंकतोय.”

बाबा यात फारसं बोलत नसत. शैलेशचं ते “इथे जिंकतोय” मला तेव्हा आगाऊपणाचं वाटायचं.

मॅनेजर बाजूने गेले तरी वाद थांबत नसे, उलट आवाज वाढायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं. “खालून ओरडणाऱ्याला समोरच्याची पाठ दिसते. वरून बघून मला चूक दाखवा. त्या दिवशी चावी ठेवतो.” आणि करगोट्याची चावी हलवून दाखवायचे.

मग निळे पत्रे आले.

चाळी पाडून टॉवर होणार हे आमच्या लहानपणापासून ऐकत होतो, त्यामुळे खरं झालं तेव्हा कुणाला पटलं नाही. आधी मैदानाच्या एका टोकाला पत्रे उभे राहिले. मॅनेजरांनी पोरांना म्हटलं, “ठीक आहे, मैदान लहान झालं, पास लहान करा.” पुढच्या महिन्यात पत्रे आणखी आत सरकले. पास आणखी लहान झाले. जयंतीचा स्टेज त्या वर्षी रस्त्यावर बांधला. शेवटी मैदानाचा एक पट्टा उरला, भिंतीला लागून, एखाद्या रुंद गल्लीएवढा. त्यातही पोरं खेळायची, भिंतीवर बॉल आपटत, आणि मी वरून रुमाल बांधायचे, खरं तर कुठलीच बाजू मोकळी नसायची.

सोळा नंबर पाडली त्या दिवशी मॅनेजर ड्यूटीवर होते की मुद्दाम गेले, कुणास ठाऊक. संध्याकाळी आले तेव्हा तिथे नुसता उजेड होता. इतका उजेड त्या बाजूने आमच्या खोलीत कधी आला नव्हता. आई म्हणाली, “किती छान उजेड आलाय.” बाबा तिच्याकडे बघत राहिले.

मग बाकीच्या चाळी रिकाम्या झाल्या, काही वर्षं सगळे भाड्याच्या खोल्यांत विखुरले आणि टॉवर उभे राहिल्यावर परत आले. मैदान गेलं होतं, तेव्हा मंडळाने लीगमध्ये नाव घातलं. खेळायला जागा तर हवी. परळच्या पलीकडचं मोठं मैदान, पुरं अकरा-अकरा जणांचं, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या. पहिल्या वर्षी कशीबशी टीम टिकली. दुसऱ्या वर्षी तळाला गेली. प्रॅक्टिस कुठे, तर नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये, सकाळी गाड्या निघून गेल्या की. पार्किंगला भिंत होती. मॅनेजरांना तेवढं पुरे होतं.

खरी पंचाईत नव्या पोरांची झाली. पोलीस लाइनीतला एक मुलगा यायला लागला होता, लेफ्ट विंगर, वाऱ्यासारखा पळणारा. मॅनेजर त्याला “ए नवीन” म्हणायचे आणि बेंचवर बसवायचे. आमच्या पोरांना आता सतराशे चार, नऊशे दोन असे फ्लॅट मिळाले होते, तरी मॅनेजरांसाठी ते बेचाळीस आणि एकोणतीसच. या पोराला तर चाळीतली खोलीच नव्हती.

टॉवरच्या गेटबाहेर, चहावाल्याकडे, वाद नव्याने रंगू लागला.

“त्या पोराला का नाही घेत?” शैलेश म्हणाला. “आपल्यात तो एकच धावतो.”

“मी विचारलं,” बाबा म्हणाले.

“मग?”

“म्हणतो, आत घेतला तर हाक काय मारू.”

कुणी हसलं नाही. बंड्यादादाने ग्लास ठेवला. “त्याची बायको गेली तेव्हाही तो असाच बोलायचा. नंतर बरा झाला होता.”

“दादा, तेव्हा भिंत होती.” हे बाबा म्हणाले, आणि विषय शेवटच्या मॅचकडे वळला. शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी मिळाली तरी टीम गटात टिकणार होती. हरलो तर खालच्या गटात. खालच्या गटाच्या मॅचेस बोरिवलीपलीकडे होतात. तिथे आमच्यातलं कोण जाणार? शैलेशच्या ओळखीचा एक कोच होता, सर्टिफिकेटवाला. पण तो खालच्या गटात यायला तयार नव्हता. टीम टिकवा, मग मला बोलवा, असं त्याचं म्हणणं.

मॅचच्या आदल्या दिवशी मॅनेजर आमच्या फ्लॅटवर आले. चौदावा मजला. लिफ्टने न येता जिन्याने आले, अर्ध्यात बसत. आईने पाणी दिलं. ते खिडकीशी गेले, खाली बघितलं. खाली पोडियम होतं, पार्किंगवरची ती सिमेंटची गच्ची, कुंड्या होत्या आणि गाड्या होत्या.

“दुपारची झोप येणा नाय,” ते मला म्हणाले. “कोण ठोकणाच नाय.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. बायको गेल्यावर त्या खोलीत त्यांना दुपारभर सोबत होती ती भिंतीवर बॉल आपटल्याच्या आवाजाची.

“उद्या सगळ्यात वरच्या पायरीवर बस,” ते म्हणाले. “रुमाल आण.”

म्हणून मी त्या पायरीवर बसले होते, जिथे शेंगदाणेवाला भुताबद्दल विचारत होता.

वरच्या पायरीवरून मला जे दिसलं ते ओळखायला थोडा वेळ लागला. आमची पोरं त्या एवढ्या मोठ्या मैदानाचा उजवा पट्टाच वापरत होती. गोलकीपर सोडला तर दहाच्या दहा. डावीकडचं सगळं मैदान हिरवंगार, रिकामं पडलं होतं. आणि त्या उजव्या पट्ट्याचा आकार मला पाठ होता. ती आमची गल्ली होती, पत्र्यांनी शेवटी उरवलेली. जिथे पत्रे होते तिथे पोरं आपोआप वळत होती. जिथे आमच्या मैदानात नळाचा चबुतरा होता तिथे वळसा घालत होती, मोकळ्या गवतात. आणि दमली, घाबरली की बॉल उजव्या रेषेवर मारत होती, पाइप असायचा तिथून थोडा वर, आणि पुढे धावत होती. कुणाला पास देतोय हे त्यांनाही माहीत नसावं. पाय करत होते.

मी रुमाल काढला. डाव्या हातात धरला आणि हात बाहेर काढून बसले. डावीकडे. सगळं डावीकडे मोकळं आहे.

मॅनेजरांनी मध्यंतरानंतर एकदा मान वर केली. पण माझ्याकडे नाही. माझ्या डोक्यावरून बरंच वर, तिसऱ्या माळ्याच्या उंचीवर. तिथे आभाळ होतं. त्यांनी क्षणभर शोधलं आणि मान खाली घातली. मी उभी राहिले, रुमाल हलवला. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही. मी हाक मारू शकले असते. शेंगदाणेवाला वळून माझ्याकडे बघायला लागला म्हणून मी खाली बसले.

शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांनी रिकाम्या डावीकडून एक माणूस पळवला. त्याला अडवायला तिकडे कुणी नव्हतंच. एक गोल. संपलं. बेंचवरचा पोलीस लाइनीतला मुलगा बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. बुटांना मातीही लागली नव्हती.

लोक मला विचारतात, मॅनेजर आता कसे आहेत. आमच्याच टॉवरमध्ये असतात, बी विंगला. चावी शैलेशकडे आहे. टीममध्ये आमची दोन-तीनच पोरं उरली, बाकी बाहेरची. नंबर एक ते अकरा. बोरिवलीपलीकडे कोण जिंकलं ते ग्रुपवर येतं, त्याखाली कुणी अंगठा टाकतं. सर्टिफिकेटवाला आला नाही तो नाहीच. बंड्यादादाने दुकान विरारला नेलं. गेटबाहेरचा चहावाला आता वाद ऐकायला मिळत नाही म्हणतो. मॅनेजर हल्ली लिफ्ट वापरतात. कधी समोर आले तर म्हणतात, “काय गो.” आणि थांबतात. पुढचं विचारत नाहीत. लिफ्टमध्ये एवढा वेळ असतो, पण विचारत नाहीत.

कप त्यांनी नव्या घरात टीव्हीशेजारी ठेवलाय, असं आई सांगते. तिथे तो पडत नाही.

चावीचा निकाल लागला ती मीटिंग मॅचनंतरच्या रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. नव्या रंगाचा वास, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. विषय एकच: मॅनेजर राहणार की जाणार. मॅनेजरांनी बाबांना निरोप दिला होता, की मी येतो, पण ती चेडू, वरची ती पोरगी, हवी. बाबांनी मला तसंच सांगितलं, खाली बघत. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले.

शैलेश आधी बोलला. तयारी करून आला होता. “काकांबद्दल आदर आहे सगळ्यांना. मी यांच्याच हाताखाली खेळलोय, चौपन्न नंबर. पण दोन वर्षांत आपण कसे खेळतोय हे कुणालाच कळत नाहीये. मला सांगा, आपला प्लॅन काय आहे? कुणीही सांगा.”

गंमत म्हणजे बंड्यादादा उठला. ज्याने वीस वर्षं शिव्या घातल्या, तोच. “प्लॅन गेला तेल लावत. माणूस बघ ना. पावसात, उन्हात कोण उभा होता? तुझं सर्टिफिकेट होतं?”

“दादा, मी माणसाबद्दल बोलतच नाहीये.”

“मग कशाबद्दल बोलतोयस? आता आपल्याकडे उरलंय काय दुसरं?”

“टीम उरलीये! ती तरी उरू दे ना. काकांना घेऊन ती उरणार नाही, हे तुलाही माहितीये, दादा. गेटवर तूच बोलतोस.”

बंड्यादादा बसला. एकोणतीस आणि बेचाळीस भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. बेचाळीस आता लग्न झालेला माणूस होता, पण शाळेतल्या पोरासारखा रडवेला दिसत होता. “काका जे सांगतात तेच आम्ही करतो,” तो म्हणाला. “बरोबर करतो. मग बॉल जातो कुठे, तेच कळत नाही.”

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी हात वर करायला सांगायचं होतं. ते चष्मा पुसत राहिले.

मॅनेजर पहिल्या रांगेत होते. उठले. खाकी पँट, गळ्यात ओला रुमाल, रविवार असूनही. करगोट्याची चावी सोडवली आणि हातात धरली.

“हात वर करू नका,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे खाली होता. मीही खाली होतो. वर एकजण होती. तिला विचारतो. ती म्हणाली बरोबर होतं, तर मी राहतो. ती म्हणाली चूक, तर ही चावी टेबलावर.”

कुणीतरी “काय काका,” असं म्हणालं. मग खुर्च्या करकरल्या आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. अगदी तेव्हासारखा, सगळं मैदान वर बघत होतं तेव्हासारखा. फक्त आता खाली बसायला खिडकी नव्हती.

“काय गो,” मॅनेजर म्हणाले. “वरून कसा दिसला?”

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. रुमाल सापडला. डावा की उजवा, एवढंच दाखवायचं, म्हणजे झालं. त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली.

“रुमाल नको. बोल.”

मनात मी वाक्य जुळवायला घेतलं. ते छान वाक्य होतं. त्यात आधी त्यांचं कौतुक होतं, मग डावीकडची रिकामी जागा होती, मग ती गल्ली. मी ते अर्धं जुळवलं, आणि या वेळी कुणीही पुढे गेलं नाही, कुणी दुसरं बोललं नाही, कुणी हसलं नाही. सगळे थांबले होते. बाबांनी चष्मा घातला नव्हता, तरी माझ्याच दिशेने बघत होते. बेचाळीस माझ्याकडे बघत होता, बॉल गेला कुठे हे त्याला मी सांगणार होते. आणि मॅनेजर मान थोडी वर करून उभे होते, जणू मी अजून तिसऱ्या माळ्यावर आहे.

मी उभी राहिले, म्हणजे मी इथे खाली आहे हे त्यांना दिसेल आणि ते मान खाली करतील. त्यांनी केली. आमची नजरानजर झाली.

“काका,” मी म्हणाले, “तिथे आता भिंत नाहीये.”